साडेआठशे ग्रॅमची फ्रेम आणि साताऱ्याची मुलगी

सायकलच्या दुकानात मेकॅनिक म्हणून काम करतो, पुण्यात, बावधनच्या बाजूला, मागे टेकडी आहे त्यामुळे आमच्याकडे एमटीबीवाले, म्हणजे माउंटन बाइकवाले, जास्त येतात. कार्बन हार्डटेल (कार्बन फायबरची फ्रेम, सस्पेन्शन फक्त पुढे) घ्यायचीये म्हणून येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वजन किती? गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी साताऱ्याहून एक मुलगी आणि तिचे वडील आले होते, त्या दिवशी या प्रश्नाचं जेवढं उत्तर मला देता आलं तेवढं आधी कधी देता आलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुलगी सतरा वर्षांची, उंची 160 सेंटिमीटरच्या आसपास, वजन पन्नास. यवतेश्वरच्या घाटात आणि कासच्या बाजूच्या कातळावर रोज प्रॅक्टिस, जुन्या ॲल्युमिनियम सायकलवर राज्य स्पर्धेत पोडियम केलेला. वडील हायस्कूलला शिक्षक. बजेट दोन लाख, त्याच्या वर एक रुपया नाही असं त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. आणि सोबत गाडीच्या टपावर एक सेकंडहँड कार्बन हार्डटेल बांधून आणलेली, साधारण 2017 च्या काळातली, एका मोठ्या ब्रँडची टॉपची रेस फ्रेम. मूळ मालकाने बघायला म्हणून दिली होती, संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं. किंमत एक लाख साठ हजार.

"दादा, फक्त एकदा चेक करून द्या, फ्रेमच साडेआठशे ग्रॅमची आहे म्हणतात," काका म्हणाले.

आकडा खोटा नव्हता, त्या वर्गातल्या फ्रेम खरंच तेवढ्या असतात. स्कॉटच्या स्केलची सगळ्यात हलकी फ्रेम त्याच घरातली आणि 2020 मध्ये स्पेशलाइज्डने एपिक हार्डटेलची एस-वर्क्स, म्हणजे त्यांची सगळ्यात वरच्या दर्जाची, फ्रेम 790 ग्रॅमवर आणली होती. रोड रेसिंगमध्ये यूसीआयचा (सायकलिंगची जागतिक संघटना) पूर्ण सायकलसाठी 6.8 किलोचा नियम आहे, त्याच्या खाली जाता येत नाही, माउंटन बाइकला तसली मर्यादा नाही, त्यामुळे कंपन्या इथे ग्रॅमच्या मागे धावतात. सायकल काट्याला टांगली, 9.1 किलो भरली. मुलीचा चेहरा एकदम उजळला. तिची जुनी तेरा किलोच्या वर होती.

मग सायकल स्टँडला लावली, पॅडल काढले, चाकं काढली, सीटपोस्ट बाहेर काढला, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूर्ण फ्रेम पुसली आणि टॉर्च तिरका धरून एकेक नळी बघायला लागलो. ॲल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो, कार्बनचं तसं नसतं, वरचा रंग शाबूत असतो आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात. म्हणून आम्ही नाण्याने वाजवून बघतो, बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच. हेड ट्यूब ठीक, सीट क्लॅम्पचा भाग ठीक, चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) चेन अडकून ओरखडे होते पण ते नुसते रंगातले. डाउन ट्यूबच्या, म्हणजे हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या जाड नळीच्या, खालच्या बाजूला जाड पारदर्शक फिल्म लावलेली होती. तिथे बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा दांडा फिरतो ती बेअरिंगची जागा) वर चार बोटांवर नाणं मारलं आणि आवाज बदलला. वर टक टक येत होतं, इथे थप. दोन-तीन वेळा वरून खाली वाजवत आलो, तिथेच पडतोय आवाज. आता आवाज बदलला म्हणजे लगेच फ्रेम गेली असं नसतं बरं का, थर जाड असले किंवा आत केबलचा मार्ग चिकटवलेला असला तरी बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर वाजवलं. तिथे स्वच्छ टक.

मूळ मालकाला फोन लावून फिल्म काढू का विचारलं. "काढा की, ट्रेलवर दगड लागतातच," म्हणाला. हेअर ड्रायरने गरम करून फिल्म सोलली. खाली नखाएवढा एक खळगा, त्याच्यातून नळीच्या लांबीला आडवी जाणारी केसासारखी रेघ, आणि अंगठ्याने दाबलं की तेवढा भाग हलकासा आत जात होता. काकांचा अंगठा धरून तिथे ठेवला आणि दाबा म्हणलं. त्यांनी दाबलं आणि काहीच बोलले नाहीत.

कार्बन दुरुस्त होतो, चांगली माणसं चांगलं काम करतात, हे मी त्यांना सांगितलं. पण दुरुस्तीच्या आधी अल्ट्रासाउंडने आत नुकसान कुठपर्यंत गेलंय ते बघायला लागतं, आणि रेसची हलकी फ्रेम म्हणजे भिंती आधीच पातळ, बॉटम ब्रॅकेटच्या जवळ म्हणजे पायाचा सगळा जोर तिथूनच जाणार. सतरा वर्षांची पोरगी उतारावर चाळीसच्या स्पीडला असणार त्या फ्रेमवर. मी सरळ सांगितलं, काका, ही फुकट दिली तरी घेऊ नका.

मुलीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते मला लागलं. म्हणून दुकान मालकांना विचारून दुपारचं बाकीचं काम बाजूला ठेवलं.

खरं सांगायचं तर खळगा नसता तरी ती सायकल तिच्यासाठी नव्हती. एक म्हणजे साइज मीडियम, तिला मोठाच, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) छोटा लावून ती कशीतरी बसवलेली. दुसरं, त्या काळातल्या एक्ससी (क्रॉस-कंट्री रेस) फ्रेमचा हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, सत्तर अंशांच्या आसपास असायचा, आता 67-68 वर आलाय, म्हणजे पुढचं चाक जास्त पुढे, उतारावर तोंडावर जायची भीती कमी. तेव्हाचे कोर्स पण वेगळे होते. 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये चेक रायडर कुलहावीने फुल सस्पेन्शनवर (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन) गोल्ड मारलं तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं, दुसरा आलेला स्वित्झर्लंडचा शुर्टर हार्डटेलवर होता, आणि 2016 ला रिओत तोच शुर्टर फुल सस्पेन्शनवर जिंकला. आज वर्ल्ड कपला बहुतेक सगळे फुल सस्पेन्शनवर दिसतात. काकांनी विचारलंच, मग आपण पण तेच घ्यावं का? माझं मत स्पष्ट आहे, दोन लाखात नाही. तेवढ्या पैशात येणारं फुल सस्पेन्शन जड असतं, शॉक (मागचं सस्पेन्शन) स्वस्तातला असतो, मागच्या लिंकेजची (सांध्यांची) बेअरिंग आपल्या पावसाळ्यात लवकर जातात आणि साताऱ्यात बसून शॉकची सर्व्हिस कोण करणार. आपल्याकडच्या स्पर्धांचे कोर्स बरेचसे मुरूम, सुटी खडी, छोटे तीव्र चढ असे असतात. तिथे चांगली हार्डटेल अजून पुरते.

दुकानात मागच्या वर्षीचं मॉडेल पडून होतं, स्मॉल साइज, मधल्या दर्जाची कार्बन फ्रेम, पुढे 110 मिलिमीटरचा एअर फोर्क (हवेवर चालणारं सस्पेन्शन), शिमानोचे डिओरे बारा स्पीड गिअर, डिस्काउंट धरून एक लाख साठच्या आसपास बसत होती. काट्याला लावली, 10.9. काकांचं तोंड उतरलं. "दोन किलो जास्त की हो."

मग कागद घेतला. मुलगी पन्नास, हेल्मेट-बूट-पाणी तीन, सायकल 9.1, एकूण 62 किलो. त्याच्यात 1.8 वाढले म्हणजे तीन टक्के. सरळसोट चढाला जोर तेवढाच राहिला तर वेळही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, वीस मिनिटांच्या चढाला पस्तीस सेकंद. हे मी लपवलं नाही. रेसमध्ये पस्तीस सेकंद म्हणजे पोडियम हातचं जातं, आणि हलक्या रायडरला सायकलचं वजन जास्तच लागतं, ऐंशी किलोच्या माणसाला तेच दोन किलो एवढे जाणवत नाहीत. पण ते 1.8 किलो आहेत कुठे ते बघा म्हणलं, आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवत गेलो. फ्रेम फक्त चारशे ग्रॅमने जड निघाली. बाकी सगळं चाकांत, टायरमध्ये, कॅसेटमध्ये, फोर्कमध्ये. ट्यूब एकेक दोनशे ग्रॅम. कॅसेट (मागच्या गिअरचा दातेरी चक्र्यांचा गठ्ठा) डिओरेची 10-51 दातांची, पावणेसहाशे ग्रॅमच्या वर, तीच शिमानोच्या वरच्या दर्जाची एक्सटी घेतली तर 470. हे सगळे बदलता येण्यासारखे पार्ट आहेत, फ्रेम नाही. कार्बन फ्रेम घेताना पैसे जायला पाहिजेत ते साइज, जॉमेट्री आणि पुढची पाच वर्षं पार्ट मिळतील अशा मापांवर, मागे बूस्ट 148 आहे का (मागच्या हबच्या रुंदीचं चालू माप), यूडीएच हँगर आहे का (मागचा डिरेलर अडकवायचा सगळ्या ब्रँडना चालणारा तुकडा, तो वाकला तर कुठल्याही गावात कुरिअरने येतो), बॉटम ब्रॅकेट थ्रेडवाला, म्हणजे आट्यांनी बसणारा, आहे का. प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेला, चिखलात करकरायला लागला की दर महिन्याला दुकानात. या फ्रेमला थ्रेड होते. आणि केबल हेडसेटमधून (हँडलखालची बेअरिंग) आत घातलेल्या नव्हत्या, हे माझ्या लेखी फार मोठं आहे, कारण हेडसेटमधून गेल्या की वरचं बेअरिंग बदलायला सुद्धा ब्रेकची होज सोडा, परत ब्लीड करा (ऑइलमधली हवा काढा). पावसाळ्यात ते बेअरिंग जातंच.

बोलून पटत नसतं, चालवून पटतं. नवीन सायकल आहे तशी मुलीला टेकडीवर पाठवली, मी मागून. एक ठरलेला चढ आहे, आधी मुरूम, मग काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर सपाट. खाली आली तर म्हणाली, "दादा, वर जाताना ओढतीये, पण उतारावर माझी जुनी अशी कधीच गेली नव्हती." मग दुकानातला ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, सीलंट असतं) डेमो व्हीलसेट लावला, जवळजवळ सोळाशे ग्रॅमचा, वर 2.35 इंची हलके टायर. इथे एक गोष्ट, फोर्क तिच्यासाठी फार कडक होता. कंपन्यांची सेटिंग सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी असते, पन्नास किलोची मुलगी बसली की फोर्कच्या दबण्याचा शेवटचा तिसरा हिस्सा वापरलाच जात नाही. आतला टोकन (हवेची जागा कमी करणारा तुकडा) काढला, हवा कमी केली, सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क दबतो तेवढं) वीस टक्क्यांवर आणला, रिबाउंड (दबून परत वर यायचा वेग) मोकळा केला. टायरला हवा पुढे 17, मागे 19 पीएसआय. ती म्हणे मी पस्तीस भरते! पंक्चरच्या भीतीने बहुतेक सगळे भरतात, आणि मग हार्डटेल बडवते म्हणून सस्पेन्शनला शिव्या घालतात.

परत तोच चढ. मी वर उभा होतो. पायऱ्यांच्या जागी मघाशी तिचं मागचं चाक दोनदा सरकलं होतं, या वेळेला टायर दगडाला धरून बसला आणि ती सॅडलवरून न उठता वर आली. धापा टाकत एवढंच म्हणाली, "पुढचं चाक पटकन उचलतंय." वेळ बघितली तर सहा मिनिटांच्या चढात अकरा सेकंद वाचले होते. एवढे सेकंद नुसत्या वजनाने वाचत नाहीत, गणित केलं तर निम्म्याहून जास्त हिस्सा पकडीचा आणि न घसरण्याचा निघतो. काका खालीच थांबले होते, तिने त्यांना ओरडून सांगितलं, "अप्पा, हीच!"

बिल करताना हिशोब असा लावला. चाकं आम्ही स्वतः बांधून द्यायची, ॲल्युमिनियम रिम, आतून 28 मिलिमीटर, साधे पण चांगले हब. कार्बन रिमचा आग्रह मीच मोडला, दगडावर रिम आपटली तर ॲल्युमिनियमची ठोकून सरळ होते. टायर, सीलंट, वॉल्व्ह, एक जादा हँगर. सगळं धरून दोन लाखांच्या आत बसलं, आणि ट्यूबलेस करून परत टांगली तेव्हा काटा 10.1 दाखवत होता. मुलीने स्वतः फोन काढून फोटो घेतला काट्याचा. कॅसेट आत्ता बदलायची नाही, झिजेल तेव्हा एक्सटी. त्याने अजून शंभर-सव्वाशे ग्रॅम जातील, घाई काही नाही.

काकांना सीटपोस्ट कसा बसवायचा ते दाखवलं, कारण घरी जाऊन सगळ्यात आधी लोक तिथेच फ्रेम फोडतात. ग्रीस नाही, कार्बनची खरखरीत पेस्ट, आणि टॉर्क रेंचने 5 न्यूटन मीटर, हाताच्या अंदाजाने नाही. रेंच त्यांनी विकत घेतला. शिक्षक माणूस, वहीत लिहून घेतलं, चित्रासकट.

ती सेकंडहँड सायकल परत टपावर बांधली, मूळ मालकाला मी स्वतः फोन करून सांगितलं की ही कोणाला विकू नका, निदान खळगा दाखवल्याशिवाय नको. तो थोडा चिडला, मग ऐकलं. अल्ट्रासाउंड करून घेतो म्हणाला.

मुलगी आता दर आठवड्याला टायरचा पीएसआय मेसेज करते. कासच्या कातळावर मागे 19 कमी पडतात, रिमला लागतं म्हणाली, 21 कर सांगितलंय आणि पावसाळा संपला की हेडसेट उघडायला घेऊन ये.