म्हणे कॉन्टेक्स्टवरून ओळखा!

मी मराठी माध्यमाची, पेशानं नर्स. यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगला 7 बँड (म्हणजे श्रेणी) लागतो. लिसनिंग, स्पीकिंग, रायटिंग कसंबसं निभावलं. रीडिंगला 6 आला आणि तिथंच गाडी अडली.

3 उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं, डिक्शनरी नाही. कुठलाही शब्द अडला की क्लासच्या सरांचं उत्तर ठरलेलं, "कॉन्टेक्स्टवरून ओळखा." म्हणजे आजूबाजूच्या मजकुरावरून. पण ओळखायचं कसं, ते दोन महिन्यांत एकदाही सांगितलं नाही. फी मात्र आगाऊ.

एका सराव उताऱ्यात कांदळवनांना वादळापासूनचं 'इनव्हॅल्युएबल' संरक्षण म्हटलं होतं. मी शब्द फोडला: व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान, मागे 'इन' लागला म्हणजे नकार. म्हणजे कवडीमोल! पुढेच लिहिलं होतं की ओडिशातल्या 1999 च्या चक्रीवादळात कांदळवनांच्या आडोशाच्या गावांत कमी माणसं दगावली. ते वाचूनही मी माझा अर्थ सोडला नाही, उलट ते वाक्यच ओढूनताणून माझ्या अर्थात बसवलं. तीन प्रश्न चुकले. सर म्हणाले, "कॉन्टेक्स्ट बघा." त्या दिवशी क्लासमधून तडक घरी आले.

दोन दिवसांनी नाइट ड्यूटीला, तीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाल्यावर तोच कागद पुन्हा काढला. आणि एकदम ट्यूब पेटली. अहो, आपल्या 'अमूल्य'लाही मागे 'अ' आहेच की! म्हणून अमूल्य वस्तू फुकटात जाते का? मोल करता येत नाही, इतकी मोठी. एवढं एक वाक्य सरांनी बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

तेव्हापासून शब्द फोडायचा तो सगळ्यात शेवटी. आधी पेन्सिलीनं झाकायचा, तो नाम आहे की क्रियापद एवढंच बघायचं, पुढची दोन वाक्यं वाचायची, आणि मोकळ्या जागी मराठी शब्द बसवून वाक्य चालतंय का ते पाहायचं. 'बट', 'ऑल्दो' दिसलं की समजायचं, अर्थ उलटा फिरणार.

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त दगा देतात. आपल्याकडे कर्ज 'सँक्शन' होतं, म्हणून एका देशावर 'सँक्शन्स' आल्या तेव्हा मी मंजुरी समजून खूश. पुढच्या ओळीत त्यांचा व्यापार ठप्प! तिथं अर्थ होता निर्बंध.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: उतारा आपल्या आवाक्यातला हवा. या विषयावर अभ्यास करणारे सांगतात की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला शंभरातले साधारण 98 शब्द माहीत असावे लागतात. मला ओळीला तीन अडत होते. सगळीच ओळ अनोळखी, तर अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा? मग महिनाभर मुद्दाम सोपी, छोटी पुस्तकं वाचली आणि त्यानंतरच उताऱ्यांकडे वळले. अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचाच, पण आपला अंदाज समासात लिहून झाल्यावर.

दुसऱ्या खेपेला रीडिंगला 7.5 आला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, मी सांगत होतो ना, कॉन्टेक्स्ट!" मी काही बोलले नाही. पेढे मात्र पाव किलोच नेले होते.