डोळे कोरडे, तरी पाणी का येतं? आणि मला काय काय लागू पडलं

ड्राय आय असलेल्या माणसाच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहतं हे ऐकलं की कुणालाच पटत नाही. गाडी चालवताना पाणी, बँकेत एसीखाली बसलं की पाणी, सकाळी उठल्या उठल्या पाणी, आणि डॉक्टर म्हणतात तुमचे डोळे कोरडे आहेत. पण ते तसंच असतं. डोळ्याच्या बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो, तो टिकला नाही की बुबुळ उघडं पडतं, टोचायला लागतं, आणि मग डोळा घाबरून एकदम भरपूर पाणी सोडतो. हे पाणी नुसतं पाणी असतं, ते डोळ्यावर ठरत नाही, गालावर ओघळून जातं आणि दोन मिनिटांनी पुन्हा तीच चुरचुर.

मी नागपुरात राहते, बँकेत काम करते, म्हणजे दिवसभर स्क्रीन, डोक्यावर एसीचा झोत आणि जाता-येता टू-व्हीलर. हा त्रास मला बरीच वर्षं आहे. ज्यांना आत्ताच सुरू झालाय आणि मेडिकलमधून एकामागून एक बाटल्या आणून टाकणं चाललंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. ड्रॉप्स कुठले चांगले हा प्रश्न मला सगळे विचारतात, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे तुमचा कोरडेपणा कुठल्या प्रकारचा आहे?

कारण प्रकार मुख्य दोन. एकात डोळा पाणीच कमी बनवतो. दुसऱ्यात पाणी पुरेसं बनतं पण उडून जातं, कारण त्याच्यावर तेलाचा जो बारीक थर असायला हवा तो नीट नसतो. हे तेल कुठून येतं माहितीये का, आपल्या पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या अगदी मागे ओळीने बारीक ग्रंथी असतात, मायबोमियन ग्लँड्स, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. आपण पापणी मिटली की त्यातून थोडं थोडं तेल बाहेर येतं आणि पाण्यावर पसरतं. बहुतेक पेशंटमध्ये गडबड या तेलाचीच असते, काहींना दोन्ही एकत्र असतं. माझं तेलाचं आहे.

हे कळतं कसं? तपासण्या अगदी साध्या आहेत, दुखत नाहीत. शर्मर टेस्टमध्ये खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं बसवून ठेवतात, पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. दहाच्या वर गेली तर साधारण ठीक, पाचच्या आत राहिली तर पाणी फारच कमी आहे असं समजायचं. दुसऱ्या टेस्टमध्ये डोळ्यात एक केशरी रंग टाकतात, निळ्या उजेडात तो हिरवा चमकतो, तुम्हाला पापणी न मिटता समोर बघायला सांगतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो ते डॉक्टर बघतात. दहा सेकंदांच्या वर टिकला तर छान. माझी कागदाची पट्टी ठीकठाक ओली झाली, पण थर चार सेकंदांतच फाटला. मग डॉक्टरांनी पापणीची कड हलकेच दाबून बघितली तर पातळ तेलाच्या ऐवजी पांढरट घट्ट काहीतरी निघालं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं ना, तसं ते ग्रंथीतच थिजून बसलेलं असतं.

एवढं एक समजलं आणि माझी सगळी दिशाच बदलली. तोपर्यंत जे काही चाललं होतं ते नुसतं वरून पाणी घालणं होतं, आणि ते पाणीही उडूनच जात होतं.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो शेकाने. ऐकायला किती साधं वाटतं, त्यामुळे लोक तीन-चार दिवस करून सोडून देतात आणि मला फार वाईट वाटतं. पद्धत नीट हवी. गरम पाण्यात रुमाल बुडवून ठेवला तर तो एक-दोन मिनिटांत गार होतो, त्याने काही होत नाही, ग्रंथींपर्यंत उष्णता पोचायला साधारण 40 अंशांच्या आसपासची ऊब दहा मिनिटं टिकायला पाहिजे. म्हणून तयार मिळणारा आय मास्क घ्या किंवा कापडी पिशवीत तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये थोडा गरम करा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसता कामा नये, पापणीची कातडी फार नाजूक असते. शेक झाला की लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर हलकेच चोळायची, डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही. मग पापणीच्या केसांच्या मुळाशी जो कोंडा, चिपडं जमतात ते पुसून घ्यायचं, त्यासाठी वेगळे वाइप्स मिळतात. पहिले दोन-तीन आठवडे काहीच वाटलं नाही, उलट कंटाळा आला. मग एक दिवस बँकेतून घरी आल्यावर लक्षात आलं की आज दुपारी डोळे चोळावेसे वाटले नाहीत.

आता ड्रॉप्स. यात एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. साध्या बाटलीत औषध खराब होऊ नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, बेंझाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं नेहमीचं. दिवसातून एक-दोनदा टाकणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही, पण ज्याला दिवसभर सारखे ड्रॉप्स लागतात त्याच्या डोळ्याचा पृष्ठभाग त्यानेच दुखावतो, म्हणजे ज्यासाठी टाकतोय तेच वाढतं. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा की प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लिहून द्याल का. एकदाच वापरून टाकायच्या छोट्या छोट्या कुप्या येतात त्या तशा असतात, काही खास बाटल्याही येतात. महाग पडतात हे खरंय. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट यातलं काहीतरी बहुतेकांना देतात, मला दुसरं जास्त मानवलं, माझ्या सहकारी मॅडमना पहिलं. रात्री झोपताना मी जेल टाकते, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून दिवे बंद करायच्या आधी अगदी शेवटी.

आणि डोळे पांढरेशुभ्र करणारे जे ड्रॉप्स मेडिकलमध्ये सहज मिळतात त्यांच्यापासून लांब राहा. ते रक्तवाहिन्या आकसवतात, लाली तेवढ्यापुरती जाते आणि असर उतरला की पहिल्यापेक्षा जास्त येते. स्टेरॉइडचे ड्रॉप्स तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अजिबात नाहीत, लवकर बरं वाटतं हे खरं पण डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होऊ शकतो. आमच्या शेजारच्या काकू प्रेमाने सांगतात, "गुलाबपाणी टाकून पाहा नं, एकदम थंड वाटते." त्यांचा जीव आहे माझ्यावर, मला कळतं, पण ते पाणी निर्जंतुक नसतं, आधीच सोललेल्या डोळ्यात ते नको. मधाचंही तसंच.

नागपूरचं हवामान हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मे मध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात, मग डोळ्याचं काय होत असेल. मी या एका बाबतीत कुलरची बाजू घेते. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, कुलर ओल्या ताट्यांमधून हवा आणतो म्हणजे खोलीत ओलावा वाढतो, फक्त त्याचा झोत तोंडावर नको, भिंतीकडे वळवायचा. कोकणात बहिणीकडे गेले की माझे डोळे आपोआप निम्मे शांत होतात, ते तिथल्या दमट हवेमुळे. पंख्याखाली झोपणं इथे कुणाला चुकलंय, पण पंखा थेट चेहऱ्यावर येणार नाही असा पलंग सरकवला आणि सकाळचा त्रास खूप कमी झाला. काही लोकांच्या पापण्या झोपेत किंचित उघड्या राहतात, घरातल्या कुणाला तरी रात्री बघायला सांगा. गाडीवर बाजूने बंद असलेला गॉगल लावा, हेल्मेटची काच खाली ठेवा.

बँकेत मी एसीची पाती वर वळवून घेतली आणि मॉनिटर खाली केला. मॉनिटर नजरेच्या खाली असला की पापणी जास्त झाकलेली राहते, उघडा भाग कमी होतो, सुकणंही कमी. स्क्रीनसमोर आपण पापण्या मिटायचंच विसरतो, एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो ते पाच-सातवर येतं, आणि मिटतो तेही अर्धवट, मग ग्रंथीतलं तेल बाहेर पडणार कसं? म्हणून एक काम संपलं की मी पूर्ण पापण्या मिटते, दोन सेकंद थांबते, हलकेच दाबते आणि उघडते, असं चार-पाच वेळा. काउंटरवरच्या लोकांना वाटतं मॅडमना झोप येतेय. वाटू दे.

गोळ्यांचंही बघून घ्या. सर्दीसाठी, अंग खाजतं म्हणून आपण ज्या अॅलर्जीच्या गोळ्या घेतो त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पडतात, मुरुमांसाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनने तर तेलग्रंथींवरच परिणाम होतो. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना सगळी यादी दाखवा. पाळी जायच्या वयात बायकांना हा त्रास जास्त होतो, लेझरने चष्मा काढलेल्यांनाही काही काळ होतो.

डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला होता तो तुम्हालाही विचारते. पोळी गिळायला प्रत्येक घासाला पाणी लागतं का? तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात, खूप थकवा येतो असं असेल तर जोग्रेन सिंड्रोमची रक्ततपासणी करायला हवी. हेन्रिक जोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये त्याच्यावर प्रबंध लिहिला होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, आणि पेशंटमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे. मला ते निघालं नाही, पण निघालं असतं तर नुसत्या डोळ्यांच्या डॉक्टरांवर भागलं नसतं, संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावं लागलं असतं.

शेक, ड्रॉप्स, सवयी एवढ्याने भागलं नाही तर पुढे बरंच काही आहे, हे मुद्दाम सांगते कारण खूप जण इथेच हात टेकतात. मला मध्ये काही आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं होतं, कमी डोसमध्ये, ग्रंथींची सूज उतरावी म्हणून. त्या गोळीवर ऊन बाधतं, त्यामुळे ओढणी-टोपीशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि गरोदर बाईला ती चालत नाही. नंतर सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरची सूज कमी करणारे ड्रॉप्स सुरू झाले. अमेरिकेत त्यांना 2002 मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडेही मिळतात. ते टाकले की झोंबतात, चांगलेच झोंबतात, आणि असर दिसायला तीन ते सहा महिने लागतात. झोंबतंय म्हणून महिन्याभरात सोडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. ज्यांना पाणीच कमी आहे त्यांच्या अश्रू वाहून नेणाऱ्या भोकांत बारीक प्लग बसवतात, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यात टिकतं. स्वतःच्या रक्तातल्या सीरमपासून ड्रॉप्स बनवतात, ते फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. फार गंभीर त्रास असेल तर स्क्लेरल लेन्स असते, बुबुळाला न टेकता वरून कमानीसारखी बसते आणि आत द्रव भरलेला राहतो, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत त्यावर बरंच काम झालंय.

ओमेगा-3 च्या कॅप्सूल मात्र मी थांबवल्या. 2018 मध्ये 'ड्रीम' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका गटाला वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 दिलं आणि दुसऱ्याला ऑलिव्ह ऑइल, दोघांनाही साधारण सारखंच बरं वाटलं. जवस मी खाते, चटणी आवडते म्हणून.

या आजारात सगळ्यात जड जातं ते दुखणं बाहेरून दिसत नाही. डोळे लाल नसतात, नंबर ठीक असतो, "तुला तर काहीच झालेलं दिसत नाही" हे घरचे, ऑफिसचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा म्हणतात. त्रास आणि तपासणीतले आकडे जुळत नाहीत हे या आजारात नेहमीचंच आहे, कुणाचा थर फार वाईट असतो आणि त्याला काही जाणवत नाही, कुणाचं तपासणीत थोडंच निघतं आणि त्याला उजेडाकडे बघवत नाही. काहींच्या बुबुळाच्या नसाच दुखावलेल्या असतात, त्यांना ड्रॉप्सने आराम पडत नाही, वेगळे उपचार लागतात. रोज, सतत डोळे दुखले की माणूस खचतो. तुमच्या घरात कुणी असं म्हणत असेल तर विश्वास ठेवा.

माझा त्रास गेलेला नाही. उन्हाळ्यात वाढतो, क्लोजिंगच्या दिवसांत वाढतो, शेक चार दिवस चुकला की पाचव्या दिवशी कळतं. पण आता मी संध्याकाळी वाचू शकते, जे मध्यंतरी पूर्ण बंद झालं होतं.

अजून एक, आईच्या वेळी कळलेलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी आत बसवायच्या लेन्सचं माप घेणं पुढे ढकललं, का तर तिचेही डोळे कोरडे निघाले. ते माप बुबुळाच्या गोलाईवरून काढतात, वरचा थर फाटका असला की माप चुकतं आणि लेन्सचा नंबर हुकू शकतो. आधी कोरडेपणाचा इलाज केला आणि मग माप घेतलं तर दोन्ही वेळच्या आकड्यांत फरक होता. तुमच्याकडे कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल आणि त्यांचे डोळे सारखे पाणावत असतील, तर माप घ्यायच्या आधी ड्राय आय तपासलं का, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.