मुंबई बेटाची तंगी आणि ठाण्याची खाडी

मुंबईतल्या इंग्रजी वसाहतीची गोष्ट आपल्याकडे बहुधा आंदणापासून सुरू होते. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहाच्या तहात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली, आणि मग पुढचे वैभव आपोआप घडत गेले, असा एकूण सूर असतो. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट अर्धवट वाटते, कारण त्या वसाहतीचे सुरुवातीचे हाल समजून घेतल्याशिवाय इंग्रजांची नजर ठाण्यावर का खिळली, हे उलगडत नाही.

१६६२ साली सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० शिपाई घेऊन मुंबईचा ताबा घ्यायला आला. तहात नेमके काय दिले आहे, यावरच वाद झाला. साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे मोठे बेट, आणि ठाणेही त्यात येते, असा इंग्रजांचा दावा होता, तर पोर्तुगीज अधिकारी मुंबई बेटसुद्धा सोडायला तयार नव्हते. मोगलांची खप्पामर्जी ओढवेल, या भीतीने सुरतेच्या इंग्रज वखारीनेही या शिपायांना उतरू दिले नाही. अखेर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्यांनी तळ ठोकला आणि तिथे पावसाने, तापाने आणि निकृष्ट अन्नाने माणसे भराभर मेली. खुद्द शिपमन १६६४ साली तिथेच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या तुकडीतले जेमतेम शंभर शिपाई उरले होते. राजांच्या सोयरिकीपायी मेलेल्या या गरीब शिपायांची नावेसुद्धा आपल्या वाचनात येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१६६८ साली राजाने वर्षाला १० पौंड खंडणीवर बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पण हाल संपले नाहीत. भरतीचे पाणी बेटाच्या मधल्या सखल भागात शिरून साचे, दलदल होई, आणि तापाची साथ हटत नसे. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालतात, त्याच्या दुर्गंधीने आजार होतात, असे इंग्रजांनी ठरवून टाकले होते. डास आणि हिवताप यांचा संबंध कळायला १८९७ साल उजाडावे लागले. त्यात कोकणातल्या पावसाळ्यात जड कपडे, मांसाहार आणि भरपूर दारू. दोन पावसाळे हेच येथे माणसाचे आयुष्य, अशी म्हणच त्यांच्यात रूढ झाली होती. त्याच भूमीवर कोळी, भंडारी आणि आगरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. ताप त्यांनाही येत असणारच, पण पावसाळ्यात होडी कधी ओढून घ्यावी, घर कुठल्या उंचवट्यावर बांधावे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते.

आजारापेक्षाही चिवट अडचण होती ती धान्याची आणि सरपणाची. एवढ्याशा बेटावर वाढत्या वस्तीचे पोट भरेल इतके पिकत नव्हते. कल्याणकडचा माल उल्हास नदीने खाली येई, ठाण्याजवळच्या चिंचोळ्या पाण्यातून वळे आणि ओहोटी साधून खाडीने मुंबईकडे जाई. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला ओहोटीच्या वेळी उभे राहून पाहिले, की पाणी ओसरताना चिखलाच्या कडा किती आत सरकतात आणि नावेला किती अरुंद वाट उरते, ते दिसते. ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुंबईची चूल! पोर्तुगीज ठाण्याला आणि उरणजवळच्या करंजाला जकात बसवून इंग्रजांना जेरीस आणत. पलीकडचा मुलूख शिवाजी महाराजांचा, त्यामुळे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर नजराणा घेऊन गेला आणि तह करून आला, त्यामागे व्यापाराबरोबर ही गरजही होती, असे मला वाटते.

१७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आले, आणि खाडीची किल्ली आता दुबळ्या पोर्तुगीजांऐवजी एका मोठ्या सत्तेकडे गेली. मुंबईकर इंग्रजांनी साष्टीचा ध्यास सोडला नाही. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात दुफळी माजली, ती संधी साधून त्यांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. किल्ल्यातली शिबंदीही मोठ्या संख्येने कापली गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अंजदीवच्या शिपायांना ज्या दाव्यापायी ताटकळत मरावे लागले, तो दावा १२० वर्षांनी असा पुरा झाला.

त्याच किल्ल्यात पुढे तुरुंग झाला. १८१६ साली दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथून निसटले. १९१० साली नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी झाली. आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे किल्ला हिंडून पाहता येत नाही. निदान बाहेरच्या रस्त्यावर एक ठळक फलक असावा आणि त्यावर १७३७ व १७७४ या दोन्ही वर्षांची हकीकत मराठीत लिहावी, एवढी माझी मागणी आहे.