हेडलाइटवर पीपीएफ: उजवा दिवा पूर्ण, डाव्याची तयारी

गाडी हॅचबॅक, दिवे हॅलोजनचे, काच अर्थातच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची. उजव्या दिव्यावर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म ही संरक्षक चिकट फिल्म बसली, कडा धरल्या. डाव्याचा तुकडा कापून ठेवला आहे. गोव्याच्या हवेत फिल्म काचेवर टेकवणे त्यामानाने सोपे. तिच्याखालचे पाणी बाहेर काढून कडा सुकवणे हे खरे काम. म्हणून ही नोंदही तिथेच जास्त रेंगाळते.

फिल्म घेताना टीपीयूचीच (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, लवचिक प्लास्टिक) घ्यावी, जाडी १५० ते २०० मायक्रॉन. बाजारात पीव्हीसीची जाड फिल्मही ‘हेडलाइट पीपीएफ’ म्हणून मिळते. कोपऱ्याचा तुकडा हाताने ताणून सोडला की फरक कळतो: टीपीयू बऱ्यापैकी मूळ मापावर परत येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते. पीव्हीसी उन्हात लवकर पिवळी पडते, कडक होते आणि आक्रसून कडा सोडते. रंग पारदर्शकच हवा. काळपट स्मोक फिल्म दिसायला झोकदार असेल, पण पावसाळ्यात चोर्ला घाटातल्या धुक्यात उजेड आधीच अपुरा पडतो, तो आणखी कमी करण्यात काहीही शहाणपण नाही.

काच पिवळी किंवा धुरकट असेल तर आधी ती पाण्याने भिजवून बघा. भिजल्यावर धुरकटपणा नाहीसा झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागात आहे आणि घासून जाईल. भिजूनही तसाच दिसला, तर तो आतून आहे किंवा काचेत खोल गेला आहे. फिल्म लावून उपयोग नाही. दिव्याच्या आत दव साचत असेल तर मागची रबरी टोपी, सील आणि हवेची नळी आधी नीट करावी.

काच स्वच्छ आणि नितळ असेल तर वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) अजिबात लावू नये, कारण कंपनीचा यूव्ही-रोधक कडक थर त्याने निघतो. तो थर आधीच सोलत असेल तरच ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबर, सगळे ओले, प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलून. त्यानंतर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. फिल्मचा गोंद अगदी बारीक ओरखडे भरून काढतो, १००० नंबरचे नाही. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांतले काहीही काचेला लावू नये. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात.

किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना एक जास्तीची पायरी. मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे अल्कोहोलने पुसलेली काच स्वच्छ दिसली तरी कडेच्या फटीत मीठ राहते. ते हवेतला ओलावा ओढते आणि नेमकी फिल्मची कड तिथेच सुटते. आधी साध्या पाण्याने भरपूर धुवावे, फटीत मऊ ब्रश फिरवावा, मग शाम्पूचे पाणी आणि शेवटी अल्कोहोल.

दोन फवारे लागतात. पहिला घसरणीचा: १ लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे ५-६ थेंब, कंडिशनर नसलेला. जास्त घातला तर फिल्म छान सरकते, पण गोंद धरत नाही. दुसरा पकडीचा: ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली आणि पाणी ९०० मिली. पाणी बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड. अनेक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह असते. ते पाणी सुकले की फिल्मखाली तांबूस ठिपके राहतात आणि ते कायमचे.

साचा बटर पेपरचा. काचेवर मास्किंग टेपने ताणून बसवावा, कड पेन्सिलने उतरवावी आणि बॉनेट-बंपरच्या फटीपासून २-३ मिमी आत कापावे. कड फटीत गेली तर बॉनेट उघड-बंद होताना ती उचलली जाते. काचेवर ठेवून ब्लेड चालवू नये: ओरखडा आज दिसत नाही, पुढे तिथूनच तडा जातो. काचेवर उठावाची अक्षरे किंवा बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावर फिल्म तंबूसारखी उभी राहते. अक्षरांच्या ठिकाणी पाणी नीट दाबून काढले तर चालते, टोकदार उंचवट्यापुरते मात्र पंचने भोक पाडलेले बरे.

जागा निवडताना चिऱ्यांची लाल धूळ लक्षात ठेवा. पोर्चमधली जमीन ओली करा, पंखा बंद ठेवा. वेळ सकाळी ८ ते ११. त्यानंतर समुद्राकडचा वारा सुटतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काम केले तर किडे थेट गोंदावर येतात. महिना म्हणाल तर चवथ (गणेशचतुर्थी) उलटून पाऊस थांबल्यावर, डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगला.

काच आणि फिल्मची गोंदाची बाजू, दोन्ही पहिल्या फवाऱ्याने चिंब करा. मधला सपाट भाग पकडीच्या फवाऱ्याने आधी टेकवा, मग स्क्वीजी (पाणी ओढून काढायची पट्टी) मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढवत. बाहेरच्या, फेंडरकडे वळणाऱ्या कोपऱ्यात सुरकुत्या येतात. त्या दाबून बसवायच्या नाहीत. तेवढा भाग उचला, पकडीचा फवारा मारा, हलकी ऊब द्या, थोडे ताणा आणि ताण सैल न करता स्क्वीजी मारा. जास्त ताणले की गोंदात रेघा उमटतात, आणि ताणलेली फिल्म पुढच्या काही दिवसांत मागे सरकते. कडा सुटण्याचे नेहमीचे कारण हेच. दोष मात्र गोंदाला दिला जातो.

हीट गन सगळ्यात खालच्या सेटिंगवर, १५-२० सेंमी लांब, सतत हलती. हात लावल्यावर गरम लागेल, चटका बसणार नाही, इतपतच. कडेखालचे पाणी मायक्रोफायबर गुंडाळलेल्या कार्डाने आधी बाहेर काढायचे, ऊब नंतर.

कचरा अडकला तर लगेच उचलून पहिल्या फवाऱ्याने धुवावा. उशिरा उचलल्यास गोंदावर डाग राहतो. फुगा पाण्याचा की हवेचा हे नखाने दाबून कळते: पाणी बाजूला सरकते, हवा जागेवर परत येते. पाण्याचे बारीक फुगे आपोआप जातात, कोरड्या थंडीत ३ ते ७ दिवसांत, दमट हवेत त्याहून बरेच उशिरा. हवेचे जात नाहीत.

पहिले २४ तास दिवा लावायचा नाही, आठवडाभर धुलाई नाही. २४ तास उलटल्यावर, हॅलोजन असेल तर इंजिन चालू ठेवून लो बीम १०-१५ मिनिटे लावा. ५५ वॅटच्या बल्बची ऊब काचेपर्यंत पोचते आणि ओलावा निघायला मदत होते. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे जाते, काच थंडच राहते, म्हणून धूसरपणा जास्त दिवस टिकतो. अशी गाडी दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उन्हात उभी करावी. स्कूटरवाल्यांनी हेही बघावे: एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे पहिले २४ तास गाडी उभीच ठेवावी लागेल.

उजव्या दिव्याच्या खालच्या कडेला अजून थोडी धूसर पट्टी आहे. नखाने दाबल्यावर सरकते, म्हणजे पाणीच आहे. तिला हात लावलेला नाही. डाव्यासाठी तोच साचा उलटा करून वापरला. बाह्यरेषा जुळते, पण उठावाची अक्षरे उलट बाजूला येत नाहीत, त्यामुळे पंचची जागा काचेवर ठेवून पुन्हा मोजली. आता फक्त कोरडी सकाळ हवी.