सोनेरी कटर आणि माझी घाई

कोटिंग होऊन आलेला पहिला कटर इतका झळकत होता की मशिनला लावायला जीव होईना. धातू ठराविक आकारात कापणारा हाय स्पीड स्टीलचा फॉर्म कटर, वर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर. चौथ्याच जॉबला फिनिश खरखरीत आला. बिनकोटिंगचा असताना बरा चालायचा!

भिंगाखाली धरला तर धारेवर बारीक बारीक खाचा आणि तिथं सोनेरी रंग उडून उघडं स्टील. मी लगेच कोटिंगवाल्यांना फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "धार लावल्यावर बर काढली होती का?"

नव्हती काढली. ग्राइंडिंगनंतर धारेला बारीक बर, म्हणजे धातूची सुटी कोर, राहते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. कोटिंग जेमतेम 2 ते 4 मायक्रॉनचं, ते त्या बरीवरच बसलेलं. काप सुरू झाल्यावर बर तुटली आणि कोटिंग घेऊन गेली.

दुसऱ्या खेपेला कटर हलक्या हाताने घासला. ग्राइंडिंगचं चाक जोरात दाबलं की धार तापून निळी पडते आणि तिथलं स्टील मऊ पडू शकतं. मऊ पायावर कडक थर अंड्याच्या कवचासारखा फुटतो. मग बर काढायला ऑइलस्टोन (तेल लावून घासायचा दगड), मग भिंग, मग पुन्हा ऑइलस्टोन. त्याच खोक्यात ब्रेझिंग केलेलं, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने जोडलेलं, एक टूलही पाठवलं होतं, ते कोटिंग न होता तसंच परत आलं. ब्रेझिंगमधल्या जस्ताची निर्वात भट्टीत वाफ होते आणि शेजारच्या टूल्सचंही कोटिंग बिघडतं, हे तेव्हा कळलं.

भट्टीचं तापमान मात्र आधीच विचारून घेतलं होतं. पीव्हीडी, म्हणजे निर्वात भट्टीतलं हे कोटिंग, 500 अंशांच्या आत होतं, हाय स्पीड स्टीलचं टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) साधारण 550 ला, त्यामुळे कडकपणा टिकतो. सीव्हीडी, म्हणजे वायूंच्या रासायनिक क्रियेने होणारं कोटिंग, 1000 च्या आसपास. ते कार्बाइड इन्सर्टचं (टूलवर बसवायच्या बदलत्या पात्यांचं) काम, आपल्या कटरचं नव्हे.

या कटरला तीनदा धार लावून झाली. घासायचा फक्त समोरून, त्यामुळे पाठीवरचं सोनं अजून शाबूत आहे आणि झीज तिथंच तर होते.

मग चढला ना उत्साह! टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडची काळपट जांभळी एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा दांड्यासारखा कटर) ॲल्युमिनियमवर चालवली. चिप (कापलेला कीस) अशी चिकटली की फ्लूट, म्हणजे कटरच्या खाचा, बुजून गेले. आता ॲल्युमिनियमसाठी पॉलिश केलेली बिनकोटिंगची एंडमिल वेगळ्या खणात ठेवतो.