तारा गावात भेटलेले महापौर

पनवेलहून पेणच्या एसटीत बसलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत करतो. अभयारण्य मागे पडलं की आलंच तारा. कोकणात जाताना 'युसूफ मेहेरअली सेंटर' ही पाटी लहानपणापासून खिडकीतूनच पाहिलेली. या वेळी मुद्दाम उतरले.

आत शिरताच ताज्या पेंडीचा वास आला. घाण्यातून तेलाची बारीक, सोनेरी धार डब्यात उतरत होती. कितीतरी वेळ तिथेच रेंगाळले. ग्रामोद्योग, शाळा, दवाखाना असं बरंच काम ही संस्था करते. ती सुरू झाली १९६१ साली. मेहेरअली त्याच्या ११ वर्षं आधीच गेले होते.

श्रीमंत व्यापारी घरातला हा मुलगा. १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईत उतरलं तेव्हा 'सायमन, परत जा' ही घोषणा त्यांनी दिली. १९३४ मध्ये जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन यांच्यासोबत काँग्रेस समाजवादी पक्ष उभारणाऱ्यांत ते होते. १९४२ मध्ये तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं. ते निवडूनही आले. वय अवघं ३८. गांधीजींनी उचललेली 'क्विट इंडिया' ही घोषणाही त्यांचीच. आपण शाळेत 'चले जाव' घोकतो, पण ते शब्द देणारा आपल्याच शहराचा महापौर होता हे आपल्याला कुणी सांगत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना सेंट जॉर्जेस रुग्णालयात हलवायचं ठरत होतं. माझ्यासोबतच्या दोन आजारी कैद्यांनाही न्या, असा त्यांनी आग्रह धरला. सरकारने नकार दिला, तेव्हा तेही गेले नाहीत. २ जुलै १९५० ला ते वारले तेव्हा वय होतं ४६. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईच्या लोकल, ट्राम, बस काही मिनिटं जागच्या जागी थांबल्या.

तेलाची बाटली पिशवीत नीट बसवून निघाले. पनवेलहून लोकलने सीएसएमटीला आले आणि घरी जायच्या आधी रस्त्यापलीकडच्या महापालिकेच्या दगडी इमारतीसमोर थोडा वेळ उभी राहिले. दिवे लागले होते. इथेच बसायचे ते.