हॉकआय खलनायकांच्या यादीत कसा गेला

मंगळवारी सकाळी वाचनालयाच्या कॉमिक्स विभागात संगणकावर ‘खलनायक’ हा फिल्टर लावला, तर पहिल्याच पानावर हॉकआय, ब्लॅक विडो आणि नागराज, म्हणजे आज वाचक ज्यांना नायक मानतात तेच. ‘नायक’ लावला तर स्पायडर-मॅनचे शत्रू म्हणून आलेले पनिशर, व्हेनम आणि पुन्हा एकदा हॉकआय. आदल्या संध्याकाळी दोन सहकाऱ्यांच्या एक्सेल फायली एकत्र केल्या होत्या, त्यामुळे गडबड तिथेच झाली हे उघड होतं.

फायली शेजारी शेजारी उघडल्या. रकान्याचं नाव ‘बाजू’, पर्याय दोनच. एका फायलीत तो रकाना पात्र पहिल्यांदा ज्या अंकात आलं त्यावरून भरलेला. त्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. सप्टेंबर १९६४ च्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ ५७ मध्ये हॉकआय आयर्न मॅनच्या विरोधात उभा राहतो. ब्लॅक विडो त्याच मालिकेच्या ५२ व्या अंकात सोव्हिएत हेर म्हणून येते. नागराजला १९८६ च्या पहिल्या कॉमिकमध्ये प्रोफेसर नागमणी दहशतीचं हत्यार म्हणूनच जगासमोर आणतो. दुसऱ्या फायलीत पात्र आज वाचकांना जसं ठाऊक आहे तसं भरलेलं. तेही बरोबर. नावाचं स्पेलिंग जुळलं तिथे नंतरच्या फायलीने आधीची ओळ पुसून टाकली, म्हणून पनिशर नायक झाला. ‘हॉकआय’ आणि ‘हॉक आय’ अशी एका जागेने फारकत झाली तिथे दोन्ही ओळी राहिल्या. नागराज फक्त पहिल्या फायलीत होता, कारण हिंदी पेट्या तिकडे होत्या.

तिसरा आधार म्हणून इंटरनेटवरची तयार यादी काढली. ‘फाइव्हथर्टीएट’ या आकडेवारीवर लिहिणाऱ्या अमेरिकन संकेतस्थळाने २०१४ मध्ये मार्व्हल आणि डीसी या कॉमिक्स प्रकाशकांच्या पात्रांचा जो तक्ता खुला केला, त्यात मार्व्हलच्या १६,३७६ आणि डीसीच्या ६,८९६ ओळी आहेत. चाहत्यांच्या विकींवरून घेतलेली माहिती. त्यात चांगले, वाईट, तटस्थ असे गट आहेत आणि बोटांवर मोजण्याइतक्या पात्रांपुढे ‘सुधारलेले गुन्हेगार’ असंही लिहिलं आहे. कितीतरी जागा रिकाम्या. एवढ्या मोठ्या तक्त्यातही एका पात्राला एकच खूण आहे, आणि आमचा पेच नेमका तोच होता. तिथून उत्तर उचललं असतं तर फक्त तिसरं मत मिळालं असतं.

म्हणून अंकांच्या पेट्याच टेबलावर घेतल्या. सुरुवात एक्स-मेनच्या जुन्या शत्रूपासून, मॅग्नेटोपासून.

‘एक्स-मेन’ १, सप्टेंबर १९६३. केप सिटाडेल हा क्षेपणास्त्रतळ ताब्यात घेतो. शंकेला जागा नाही. चौथ्या अंकात तर त्याच्या टोळीच्या नावातच ‘ईव्हिल’ आहे. अंक १५०, ऑक्टोबर १९८१: रशियन पाणबुडी बुडवतो, एक्स-मेनमधली किटी प्राइड त्याच्या हातून मरता मरता वाचते, आणि ती किती लहान आहे हे दिसताच तो हादरून थांबतो. आउशवित्झ या नाझी छळछावणीचा उल्लेख या अंकात येतो. अंक २००, डिसेंबर १९८५: पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला, आणि शेवटी एक्स-मेनचा गुरू झेवियर आपली शाळा त्याच्या हाती सोपवतो. पुढे काही वर्षं तो मुलांना शिकवतो. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ १ मध्ये पुन्हा विरोधात.

इथे नोंद करणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळायच्या. ‘एक्स-मेन १’ नावाचे हे दोन अंक वेगळ्या खंडांतले आहेत. खंडाचा रकाना रिकामा राहिला तर २८ वर्षांची चूक होते, आणि दोन्हींत मॅग्नेटो विरोधकच असल्यामुळे ती लवकर पकडली जात नाही. उलट १९६३ च्या मालिकेचं नाव पुढे ‘अनकॅनी एक्स-मेन’ झालं तरी क्रमांक चालूच राहिले, त्यामुळे १५० आणि २०० हे पहिल्याच खंडात घालायचे. शिवाय मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असतो. सप्टेंबर १९६३ छापलेला अंक जुलैमध्येच दुकानात आला होता. रकान्यात छापलेलाच महिना लिहायचा आणि सगळीकडे तोच पाळायचा, नाहीतर क्रम उलटेपालटे होतात.

मग १९८४ च्या ‘सीक्रेट वॉर्स’चा पहिला अंक प्लास्टिकच्या पिशवीतून काढला, आणि सकाळपासूनचा वाद खरं तर तिथेच मिटला. बियाँडर नावाची अफाट शक्ती पृथ्वीवरून नायक आणि खलनायक उचलते, दोन गटांत वेगळं ठेवते आणि एकमेकांशी लढायला सांगते. म्हणजे आम्ही जे काम एक्सेलमध्ये करत होतो तेच. आणि तिने मॅग्नेटोला नायकांच्या गटात घातलेलं असतं. तिथले बाकीचे त्याला आपलं मानायला तयार नसतात, आणि तो त्यांच्यातून निघून जातो. पात्रांनाच जर त्याची बाजू मान्य नाही, तर आम्ही एका शब्दात कुठून लिहिणार?

त्या एका ओळीसाठी निदान तीन उत्तरं लागत होती: गट कोणता मिळाला, लढला कोणाच्या बाजूने, मनात काय होतं. माझं मत तेव्हाच ठाम झालं. बाजू ही पात्राला चिकटवायची गोष्टच नाही, ती अंकातल्या हजेरीला लावायची. एक पात्र, एक अंक, एक ओळ. पात्राच्या मूळ तक्त्यातून ‘बाजू’ रकाना काढून टाकला आणि ‘हजेरी’ नावाचा वेगळा तक्ता केला: पात्र, मुखवट्यामागचा माणूस, मालिका, खंड, अंक, छापलेला महिना, कोणाच्या बाजूने लढतो, हेतू, जीव घेतो का.

‘कोणाच्या बाजूने लढतो’ याचे पर्याय ठरवताना शब्दावर अडलो. विभागातल्या ताई म्हणाल्या, “पनिशरला प्रतिनायक लिहा, सरळ आहे.” ज्युनिअर मुलगा म्हणाला, “ताई, मग डॉक्टर डूमसारख्या खलनायकाला काय लिहायचं? मी त्यालाच प्रतिनायक लिहिलंय.” दोघंही शब्द बरोबर वापरत होते. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाटकावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू: लोभी, उद्धट, पाप करणारा. हल्लीच्या मराठी लिखाणात मात्र तोच शब्द नायकाचे गुण नसलेल्या नायकालाही लावतात. एका शब्दाचे दोन उलटे अर्थ ज्या रकान्यात शिरतात तो रकाना कधीच शोधता येत नाही. म्हणून प्रतिनायक हा पर्यायच ठेवला नाही. ‘नायकपक्ष’, ‘विरोधी’, ‘स्वतंत्र’ एवढेच तीन.

पनिशरची ओळ मग सहज भरली. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १२९, फेब्रुवारी १९७४: स्पायडर-मॅन खुनी आहे असं जॅकल नावाचा खलनायक पनिशरला पटवतो, म्हणून तो स्पायडर-मॅनवर बंदूक रोखतो. विरोधी; हेतू: खुन्यांना संपवणं; जीव घेतो: होय. पुढच्या काळातल्या त्याच्या स्वतःच्या मालिकांत पहिला रकाना बदलतो, बाकीचे दोन तसेच राहतात. ज्याला लोक ‘काळा नायक’ म्हणतात तो असा रकान्यांच्या जुळणीतून आपोआप सापडतो, वेगळं लेबल लागत नाही.

जुने अंक भराभर होतात, आणि त्याला कारण आहे. १९५४ च्या कॉमिक्स कोडनुसार, म्हणजे अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांनुसार, प्रत्येक गोष्टीत सज्जनाचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा हवीच होती. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का असेल आणि साल १९७१ च्या आधीचं असेल, तर बाजू बहुधा पहिल्या काही पानांतच कळते. १९७१ मध्ये कोड सैल झाला आणि तिथून पुढे अंक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ओळ भरू नये. पनिशर त्यानंतर तीनच वर्षांनी आला.

व्हेनमचा घोळ वेगळा. ते नाव एका माणसाचं नाही. १९८८ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३०० मध्ये एडी ब्रॉक, नंतर मॅक गार्गन, २०११ पासून फ्लॅश थॉम्प्सन. ‘मुखवट्यामागचा माणूस’ हा रकाना यासाठीच आहे. व्हेनम ज्यातून झाला तो स्पायडर-मॅनचा काळा पोशाख वाचकांनी ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ २५२ मध्ये, मे १९८४ ला पाहिला. तो मिळाला कसा हे मात्र डिसेंबरच्या ‘सीक्रेट वॉर्स’ ८ मध्ये दाखवलं. क्रम छापल्या तारखेनेच लावायचा. गोष्टीच्या क्रमाने लावायला गेलं की प्रत्येक जण वेगळा क्रम लावतो.

चहानंतर ‘थंडरबोल्ट्स’ १, एप्रिल १९९७. नवे नायक न्यूयॉर्क सावरायला येतात, आणि शेवटच्या पानावर कळतं की हे सगळे वेषांतर केलेले खलनायक आहेत, त्यांचा पुढारी सिटिझन व्ही म्हणजे बॅरन झीमो. ओळ खरी भरली तर शोधणाऱ्या मुलाला अंक हातात घेण्याआधीच शेवट कळणार. लेखकाने जे अंकभर जपलं ते आमच्या फिल्टरने फोडणं मला अजिबात मंजूर नव्हतं. त्यासाठी ‘उघड होण्याचं पान’ हा रकाना वाढवला. तो भरलेला असेल तर वाचकांच्या पडद्यावर त्या अंकातली वरवरची बाजूच दिसते, खरी फक्त कर्मचाऱ्यांना. त्याच टोळीतली साँगबर्ड पुढे खरोखर सुधारते, तेव्हा तिच्या ओळी बदलत जातात आणि पहिली ओळ होती तशीच राहते.

हिंदी पेटीत बांकेलाल होता, आणि त्याच्यासाठी हेतूचा रकाना किती गरजेचा आहे ते दिसलं. तो दर अंकात राजा विक्रमसिंहाला मारून विशालगढचं सिंहासन बळकावायला निघतो आणि दर वेळी राज्याचं भलं करून बसतो. ‘कर बुरा हो भला’ हे त्याचं ब्रीदच. फळावरून ठरवलं तर नायक, मनावरून ठरवलं तर पक्का दुष्ट. हेतू आणि परिणाम असे दोन रकाने केल्यावर दोन्ही खरं लिहिता आलं. मुंबईचा डोगा याच्या उलट्या टोकाला: डाकू हलकानसिंहाने वाढवलेला मुलगा, हेतू शहर साफ करण्याचा, पण गुन्हेगाराला तो कोर्टापर्यंत पोचू देत नाही. नायकपक्ष, जीव घेतो. नागराजच्या पहिल्या ओळीत ‘विरोधी’ राहिलं, शेरा ‘नागमणीच्या ताब्यात’. बाबा गोरखनाथांनी त्याचं मन सोडवल्यानंतरच्या ओळी नायकपक्षात.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ सगळ्यात सोपा, तो मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून फक्त कितव्या पिढीचा ते लिहायचं. त्याच्या उजव्या हाताची अंगठी दुष्टांच्या हनुवटीवर कवटी उमटवते, डाव्या हाताची अंगठी मित्रांना संरक्षणाचं चिन्ह देते. ती चिन्हं कायमची असतात. आमच्या नोंदी तशा नसाव्यात यावर सगळ्यांचं एकमत झालं.

संध्याकाळी शेवटची पेटी ‘ग्रीन लँटर्न’ची, १९९४ चे ४८ ते ५० हे अंक. ग्रीन लँटर्न असलेला हॅल जॉर्डन आपल्याच साथीदारांकडून शक्तीच्या अंगठ्या हिसकावत जातो, ५० व्या अंकात किलोवॉग या साथीदाराला मारतो आणि पॅरालॅक्स नावाचा खलनायक होतो. दहा वर्षांनी आलेल्या ‘रीबर्थ’ मालिकेने सांगितलं की पॅरालॅक्स ही भीतीची वेगळी शक्ती होती आणि तिनेच त्याला पछाडलं होतं. मुलाने विचारलं, “सर, मग १९९४ च्या ओळी खोडायच्या का?” नाही. १९९४ मध्ये ज्याने अंक विकत घेतला त्याने हॅललाच ते करताना पाहिलं होतं. त्या तीन ओळींत ‘विरोधी’ तसंच ठेवलं, ‘मुखवट्यामागचा माणूस’ मध्ये हॅल जॉर्डन लिहिलं, आणि शेऱ्यात एवढंच: ‘रीबर्थ, २००४ पाहा’.